गॅरी गिलमोर : वकील नकोत, अपील नको, गोळ्या घाला म्हणणारा खुनी

घाटवळण

खुन्यांच्या गोष्टी वाचायची वाईट खोड आहे मला. त्यातल्या बऱ्याचशा शेवटी एकाच वळणाने जातात, वाईट बाप, दारू, जेल, खून, आणि मग शिक्षा झाल्यावर कुठल्यातरी कोर्टात जीव वाचवायची धडपड. अमेरिकेतल्या गॅरी गिलमोरच्या बाबतीत हा शेवटचा भाग पूर्ण उलटा झाला. त्याला वाचवायला वकील पळतायत, आई सुप्रीम कोर्टात गेलीये, ज्यांनी त्याचं तोंडही पाहिलं नाही अशा संघटना अर्ज घालतायत, आणि हा बाबा सगळ्यांवर खेकसतोय की तुम्हाला मध्ये पडायला कोणी सांगितलं, शिक्षा दिलीये ना, मग द्या आता.

आधी माणूस सांगतो. जन्म ४ डिसेंबर १९४०, टेक्सासमधलं मॅककेमी नावाचं आडगाव. बाप फ्रँक हा फिरता भामटा, मासिकात जाहिरात छापतो म्हणून दुकानदारांकडून पैसे घ्यायचे आणि गाव सोडायचं. तेव्हा आईबाप खोट्या नावाने फिरत होते त्यामुळे पोराच्या जन्मदाखल्यावरही खोटंच नाव लागलं, फे रॉबर्ट कॉफमन. नंतर आईने गॅरी केलं. पुढे मोठेपणी त्याच्या हाती तो दाखला लागला आणि आपला बाप नक्की हाच का हा किडा डोक्यात शिरला तो कायमचा.

बाप पोरांना पट्ट्याने मारायचा, कारण असो नसो. आई बेसी युटाहमधल्या प्रोव्होची, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरातली. कुटुंब शेवटी ओरेगनमध्ये पोर्टलंडला स्थिरावलं. गॅरी हुशार होता, नंतर कधीतरी तपासला तेव्हा बुद्ध्यांक १३३ निघाला, आणि चित्रं फार सुंदर काढायचा. पण चौदाव्या वर्षी शाळा सुटली, गाड्या चोरणं सुरू झालं, मॅकलॅरनच्या सुधारगृहात वर्ष गेलं. सुधारगृहातून काय सुधारून आला ते पुढच्या यादीवरून कळतंच, त्यानंतर आत-बाहेर आत-बाहेर, आणि १९६४ ला सशस्त्र दरोड्यासाठी मोठी शिक्षा. त्याआधी १९६२ मध्ये बाप मेला तेव्हा हा तुरुंगातच होता, अंत्यविधीला जाऊ दिलं नाही, याने कोठडीत मनगट कापून घेतलं. ज्या बापाने झोडून काढलं त्याच्यासाठी.

१९७२ मध्ये त्याला एक संधी मिळाली, चित्रकला शिकायला कॉलेजात जा, राहायला हाफवे हाउस, म्हणजे तुरुंगातून सुटणाऱ्यांचं वसतिगृह. हा कॉलेजात नाव घालायलासुद्धा गेला नाही, महिन्याच्या आत दरोड्यात पकडला. मग आत दंगे, भांडणं, शेवटी इलिनॉयमधल्या मॅरियनच्या कडक तुरुंगात रवानगी. एप्रिल १९७६ ला पॅरोल. वय ३५.

बाहेर कुठे जाणार, तर आईच्या माहेरी, प्रोव्होला. मावसबहीण ब्रेंडाने जबाबदारी घेतली, तिच्या वडिलांच्या बुटांच्या दुकानात काम दिलं. तीन महिने जेमतेम टिकला. १९ जुलैला ओरेम गावातल्या पेट्रोल पंपावर मॅक्स जेन्सनला लुटून जमिनीवर पालथं झोपवून डोक्यात दोन गोळ्या. दुसऱ्या दिवशी प्रोव्होत मोटेलचा मॅनेजर बेनी बुशनेल, तसंच. दोघांनीही सांगितलं ते सगळं केलं होतं, पैसे दिले, झोप म्हटलं झोपले. दोघं विशीतले, दोघांना बायको आणि तान्हं मूल.

पळताना पिस्तूल झुडपात टाकताना गोळी सुटून याच्याच हाताला लागली. जवळच्या गॅरेजवाल्याने रक्त पाहिलं आणि गाडीचा नंबर टिपून ठेवला. याने मदतीसाठी फोन केला तो ब्रेंडाला, मलमपट्टी आणि वेदनेच्या गोळ्या आण म्हणून. तिने पोलिसांना कळवलं. खटला दोन दिवस चालला, ७ ऑक्टोबरला मृत्युदंड. तेव्हा युटाहमध्ये आरोपीला विचारायचे, फाशी का गोळ्या. हा म्हणाला गोळ्या.

पुढचं खाली प्रतिसादात लिहितो, फार लांबलं. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस स्वतः मरायला निघाला होता आणि त्या कामाला त्याने आधी दोन अनोळखी माणसं वापरली आणि मग सरकार वापरलं.

चिंचगुळ

छान लिहिलंय, पण हे "बाप मारायचा" पुराण मला आता पचत नाही. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांना घरी बदडलंय, कितीजणांनी पंपावरच्या पोराला झोपवून गोळी घातली? आणि त्याला भाऊ होते ना? त्यांचं काय झालं ते सांग की.

घाटवळण

@चिंचगुळ बरोब्बर प्रश्न. चार भाऊ. थोरला फ्रँक ज्युनियर, त्याने सगळ्यात जास्त मार खाल्ला असेल, पण तो आयुष्यभर कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हाताऱ्या आईला सांभाळत राहिला. तिसरा गेलन, दारू आणि भुरट्या चोऱ्या, १९७१ मध्ये तरुणपणीच गेला, त्याआधी त्याला कोणीतरी भोसकलं होतं. धाकटा मायकल पत्रकार झाला, संगीतावर लिहायचा, आणि खूप वर्षांनी त्याने घराचा सगळा इतिहास पुस्तकात मांडला. त्यामुळेच तर आपल्याला हे आतलं माहितीये नाहीतर कोर्टाच्या कागदात यातलं काय येतं.

म्हणजे एकाच छताखाली एक संत, एक वाया गेलेला, एक लेखक, एक खुनी. पण फरकही आहे, धाकटा जन्मला तोवर बाप म्हातारा झाला होता आणि त्या पोरावर त्याचा जीव होता, त्याला तो पट्टा बसलाच नाही म्हणायला हरकत नाही. आणि थोरला चौदाव्या वर्षी सुधारगृहात गेला नाही. माझ्या मते बापापेक्षा ती इमारत जास्त जबाबदार आहे.

मीच_ती

मला या सगळ्यात गिलमोरची मैत्रीण निकोल गायब दिसतेय. मूळ लेखात तिचं नावही नाही!

ती वीसच्या आसपास, पदरी दोन लहान मुलं, आधीची लग्नं मोडलेली. हा पस्तिशीचा, नुकता जेलमधून सुटलेला. दोघं एकत्र राहायला लागले, मग दारू, मग चोऱ्या, मग याने तिच्यावर हात टाकला, म्हणून ती जुलैमध्ये घर सोडून लपून बसली. हा चोरलेली पिस्तुलं घेऊन तिला शोधत फिरत होता. ती सापडली नाही. त्या दिवसांत हे खून झाले. जेन्सनच्या डोक्यात गोळ्या घालताना म्हणे एक माझ्यासाठी आणि एक निकोलसाठी. आणि तेव्हा गाडीत निकोलची धाकटी बहीण बसलेली होती, तिला हा फिरवायला घेऊन गेला होता.

यावर लोक "अमर प्रेमकहाणी" लिहितात तेव्हा माझं डोकं फिरतं. बाई सोडून गेली की पुरुषाचा राग कुठे निघतो हे काही गूढ नाहीये.

आणि जेलमधून त्याने तिला शेकड्याने पत्रं लिहिली, त्याचा परिणाम काय तर १६ नोव्हेंबरला दोघांनी ठरवून एकाच रात्री झोपेच्या गोळ्या घेतल्या, त्याने कोठडीत, तिने घरी. गोळ्या तिनेच लपवून आत नेल्या होत्या. दोघंही वाचले. तिला मनोरुग्णालयात ठेवलं आणि भेटी बंद. हा मरायचाच होता, तिला का ओढलंस बाबा? दोन पोरं होती तिची.

घाटवळण

+१. निकोलबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहायला हवा होता हे मान्यच आहे, पण तू लिहिलंस ते जास्त चांगलं झालं.

टवाळ_पोपट

म्हणजे सरकारी खर्चाने आत्महत्या. आपल्याकडे असता तर तारखांनीच मेला असता 😀

मीच_ती

@टवाळ_पोपट मारलेल्या दोघांची पोरं बिनबापाची झाली आहेत, स्मायली आवर.

अ‍ॅड_खटपट

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण ही केस त्यासाठीच गाजली.

१९६७ च्या जूनमध्ये कोलोरॅडोत एकाला गॅस चेंबरमध्ये मारलं, त्यानंतर अमेरिकेत देहदंडाची अंमलबजावणी थांबलीच होती. १९७२ मध्ये फर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आत्ता ज्या मनमानी पद्धतीने ही शिक्षा दिली जातेय ती घटनेत बसत नाही. मग राज्यांनी नवे कायदे केले आणि २ जुलै १९७६ ला ग्रेग खटल्यात कोर्टाने नव्या कायद्यांना मान्यता दिली. आता तारखा बघा. २ जुलैला दार उघडलं, गिलमोरने पहिला खून केला १९ जुलैला. सतरा दिवस. दहा वर्षांत कोणाला मारलं नव्हतं आणि नव्या व्यवस्थेच्या दारात पहिला हाच उभा, तोही आत घ्या आत घ्या म्हणत. म्हणून मग सगळे हादरले. तेव्हा देशभरात शेकडो कैदी मृत्युदंडाच्या रांगेत होते, एकदा पहिला गेला की बाकीच्यांना मारणं सोपं जाणार ही वकिलांना भीती होती. त्यामुळे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना वगैरे मंडळी उतरली ती गिलमोरच्या प्रेमाने नाही, मागे उभ्या असलेल्यांसाठी.

त्याने काय केलं, अपील करणाऱ्या स्वतःच्या वकिलांना काढून टाकलं. आधीची तारीख १५ नोव्हेंबर ठरली होती, गव्हर्नरने स्थगिती दिली आणि प्रकरण राज्याच्या माफी मंडळाकडे पाठवलं, तर हा तिथे जाऊन म्हणाला मी माफी मागितलेलीच नाही. मंडळाने ३० नोव्हेंबरला हात वर केले. मग आईने थेट सुप्रीम कोर्टात अर्ज केला, ३ डिसेंबरला स्टे मिळाला, आणि १३ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी उठला. बहुमताचं म्हणणं, शहाणासुरता माणूस आहे, स्वतःचे हक्क समजून उमजून सोडतोय, आई मध्ये येऊ शकत नाही. विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती व्हाइट यांचा मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो. युटाहचा तो कायदा घटनेला धरून आहे का हे कोणी तपासलेलंच नाही, आणि कैदी "चालेल" म्हणाला म्हणून सरकारला बेकायदा शिक्षा द्यायचा अधिकार कसा मिळतो? पोलिसांनी मला फटके मारावेत अशी मी लेखी विनंती केली तरी ते मारू शकत नाहीत ना.

चिंचगुळ

@अ‍ॅड_खटपट मुद्दा पटला पण उलट बाजूने बघा. त्याने गुन्हा नाकारला नाही, खटल्यात बचावाच्या बाजूने एक साक्षीदार उभा राहिला नाही, बाराच्या बारा ज्यूरी एकमत. तोही तयार, राज्यही तयार. मग नऊ न्यायाधीश आणि चार संघटना मिळून त्याला जबरदस्तीने जगवत ठेवणार, तेही आयुष्यभर कोठडीत? त्याला तेच नको होतं. मला तर वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेली.

अ‍ॅड_खटपट

त्याला तेच नको होतं, बरोबर. मग शिक्षा कुठली? ज्याला जन्मठेपेची भीती वाटते आणि मरण हवंय त्याला मरण देणं म्हणजे न्यायालयाने त्याची ऑर्डर घेतल्यासारखं झालं. आणि हा एकटा नाही, तेव्हापासून अमेरिकेत जितक्यांना देहदंड दिला गेला त्यात साधारण दहातला एक असाच, स्वतः अपील सोडून दिलेला.

काळा_चहा

युटाहच्या राजधानीत, सॉल्ट लेकला काही वर्षं काढलीत म्हणून लिहितो. गोळ्या का, हा प्रश्न तिथे बाहेरच्यालाच पडतो. जुन्या मॉर्मन शिकवणीत असा एक विचार होता की खुनासारख्या पापाचं क्षालन खुन्याचं रक्त जमिनीवर सांडल्यानेच होतं. चर्च म्हणतं असं आम्ही कधी केलेलं नाही आणि आता ती शिकवणही नाही. पण राज्याच्या कायद्यात गोळ्यांचा पर्याय टिकून राहिला तो काही आकाशातून पडला नाही. आता गंमत, गॅरीच्या आईला ही रक्तबिक्त सांडायची भाषा घरातच ऐकायला मिळालेली. तिला देहदंडाची लहानपणापासून दहशत होती असं धाकट्याने लिहिलंय. आणि तिच्याच माहेरच्या राज्यात तिच्या पोराला खुर्चीला बांधलं.

अजून एक, वर कोणी औषधाचं लिहिलं नाही. ओरेगनच्या तुरुंगात त्याला प्रोलिक्सिन नावाचं जबर औषध टोचायचे, वेड्यांना शांत ठेवायचं. माणूस सुजतो, हातपाय जड होतात, ओळखू येत नाही. आई भेटायला गेली तर तिला बघवेना. हे सगळं झालेला माणूस एक दिवस उठून अनोळखी गावात सोडला, जा आणि सभ्यपणे जग. त्याला दुकानात कपडे घ्यायचं माहीत नव्हतं, मुलीशी कसं बोलायचं माहीत नव्हतं, बिअर मात्र माहीत होती. फुकट बिअर तर तो दुकानातून तशीच उचलून बाहेर पडायचा, पैसे द्यायचेच नाहीत.

मी त्याला सोडा म्हणत नाहीये. पण पंधरा वर्षं आत ठेवून ज्याचं हे केलं त्याला शेवटी "निर्णयक्षम" ठरवणारं सरकार तेच आहे हे जरा बघा.

शशी_जुना

तारखा वाचून अंगावर काटा आला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, याच काळात आपल्याकडे पुण्यात जोशी-अभ्यंकर खून झाले. संध्याकाळ झाली की रस्ते ओस, दार वाजलं की आधी खिडकीतून बघायचं. त्या जक्कल, सुतार, जगताप, शहाला येरवड्यात फाशी दिली ती नोव्हेंबर १९८३ मध्ये, म्हणजे सेशन्स कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, सगळं होऊन. आणि हा गिलमोर खून ते मरण सहा महिन्यांत आटोपला. तेव्हा पेपरात बारीकशी बातमी आली होती का आठवत नाही, आली असली तरी आम्ही वाचली नसणार, आमचं आम्हाला पुरत होतं.

चिंचगुळ

शशीकाका, त्या प्रकरणावर तुम्ही वेगळं लिहाच. @घाटवळण शेवटचा दिवस राहिलाय.

घाटवळण

लिहितो.

१६ जानेवारी १९७७ ची रात्र. जेलने नातेवाइकांना त्याच्यासोबत थांबू दिलं होतं. ब्रेंडाचे वडील, म्हणजे व्हर्न मावसाने छोट्या बाटल्यांत व्हिस्की लपवून आत नेली. जॉनी कॅश या गायकाचा फोन आला, गॅरी त्याचा चाहता. इकडे हे चालू आणि तिकडे रात्री एकच्या सुमाराला विलिस रिटर नावाच्या न्यायाधीशाने करदात्यांच्या अर्जावर (आमचा पैसा यावर खर्च करू नका असा) स्टे दिला. ज्याला झोपतानाही मरण हवं होतं त्याला बातमी कळली तेव्हा तो प्रचंड भडकला म्हणतात. सरकारी वकील पहाटे विमानाने डेन्व्हरला गेले, तिथल्या अपील कोर्टाने सकाळी ७:३५ ला स्टे उठवला. ८:०७ ला गोळ्या घातल्या. मधली ती बत्तीस मिनिटं मला सगळ्यात भयंकर वाटतात, तुरुंगाचा प्रमुख फोनपाशी, बंदूकवाले जागेवर, आणि कागदावर अजून शाई ओली.

जागा म्हणजे तुरुंगामागचा जुना कॅनरीचा गाळा, डबाबंद माल बनवायचे तो. खुर्ची, मागे वाळूची पोती आणि गादी, समोर पडदा आणि त्याला बंदुकीच्या नळीपुरती भोकं. पडद्यामागे पाच जण. पाचातल्या एका बंदुकीत खोटं काडतूस असतं असं सांगतात म्हणजे कोणालाच खात्रीने वाटू नये आपण मारला. भावाने नंतर शर्ट पाहिला तर भोकं पाच होती, असं त्याने लिहिलंय.

काही म्हणायचंय का विचारल्यावर "लेट्स डू इट" एवढंच बोलला. नंतर पाद्र्याशी लॅटिनमध्ये दोन शब्द. डोळे दान केले होते, त्याच्या बुबुळांमुळे कोणाला तरी दिसायला लागलं. राख विमानातून युटाहवर उधळली.

पैशाचंही सांगायला हवं. लॉरेन्स शिलर नावाच्या गृहस्थाने त्याच्या गोष्टीचे हक्क आधीच विकत घेतले होते, तो त्या गाळ्यात साक्षीदार म्हणून हजरही होता. बाहेर टीव्हीच्या गाड्यांची जत्रा. टी-शर्ट विकले गेले. मला हे वाचताना त्या पाच बंदूकवाल्यांपेक्षा या गर्दीची जास्त शिसारी आली.

मीच_ती

आणि मॅक्स जेन्सनच्या खुनाचा खटला कधी चाललाच नाही, हे तुमच्यापैकी कोणीच लिहिलेलं नाही. शिक्षा झाली ती फक्त बुशनेलच्या खुनासाठी.  जेन्सन ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत कायदा शिकत होता, सुट्टीत पंपावर काम करत होता. बुशनेलची बायको दुसऱ्यांदा गरोदर होती आणि मोटेलवरच राहत होती. गिलमोरला मरायची घाई नसती तर निदान जेन्सनच्या घरच्यांना कोर्टात उभं राहून काहीतरी बोलता आलं असतं.

अ‍ॅड_खटपट

@मीच_ती हे महत्त्वाचं. सहमतीने उरकलेल्या प्रकरणात नेहमी हेच होतं, फाइल बंद होते आणि अर्धे प्रश्न फाइलबाहेर राहतात.

टवाळ_पोपट

आता सिरियस प्रश्न. हे गोळ्यांचं अजून चालू आहे का तिकडे?

काळा_चहा

@टवाळ_पोपट हो. युटाहने २००४ मध्ये हा पर्याय काढला, पण आधी ज्यांनी निवडला होता त्यांना लागू राहिला, त्यामुळे २०१० मध्ये रॉनी ली गार्डनरला गोळ्याच घातल्या. मग इंजेक्शनची औषधं मिळेनात, कंपन्या द्यायला तयार नाहीत, म्हणून २०१५ मध्ये युटाहने परत आणला, इंजेक्शन नसेल तर गोळ्या. आणि मार्च २०२५ मध्ये साउथ कॅरोलिनाने ब्रॅड सिग्मनला मारलं, युटाहच्या बाहेर आधुनिक काळात पहिल्यांदाच. त्यानेही स्वतःच निवडलं होतं, पण कारण वेगळं, विजेची खुर्ची आणि इंजेक्शन दोन्हीची त्याला जास्त भीती वाटत होती.

चिंचगुळ

@घाटवळण एक शेवटचं. भावांनी थांबवायचा प्रयत्न केला नाही का? आई कोर्टात गेली, हे कुठे होते?

घाटवळण

धाकटा मायकल अर्ज करणारच होता, वकिलांशी बोलणंही झालं होतं. शेवटच्या आठवड्यात तो तुरुंगात जाऊन गॅरीला भेटला, काही दिवस भेटत राहिला. गॅरीने सांगितलं की थांबवलंस तर मी आत स्वतःला संपवीन, तेवढंच होईल. मायकलने अर्ज केला नाही आणि एक्झिक्यूशनच्या आधीच युटाह सोडून घरी आईकडे परतला. आई तोवर सगळ्या कोर्टांत हरली होती. सकाळी बातमी त्यांना टीव्हीवरून कळली.